आत्याबाईंना सांगा

शैला,

तू गेल्यापासून या घरात तुझ्याविषयी इतकं गोड बोललं जातंय, की ते ऐकलं असतंस तर चहासुद्धा न देता सगळ्यांना वाटेला लावलं असतंस. माउली होती. कधी कुणाला उलटून बोलली नाही. सुटली बिचारी. मी मान हलवत बसतो. तू मला रोज उलटून बोलायचीस, आणि या घरात शहाणपणाचं जे काही बोललं गेलं ते बहुतेक तेवढंच. पोर्चमध्ये भाड्याच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना हे कसं सांगायचं?

परवा नदीवर दशक्रिया झाली. कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून गुरुजी मागे सरतात न सरतात तोच आला आणि चोच मारून गेला. लोकांना केवढं समाधान! खर्ड्याहून आलेले तुझे भाऊ म्हणाले, "दाजी, काहीच मागं ठिवलं न्हाई बघा अक्कानं. मन मोकळं हुतं तिचं." मी पाण्याकडे बघत उभा होतो. तू जे मागे ठेवलंस ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि त्या कावळ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

घरी आलो तर आईची बैठक सुरू होती. ऐंशी वर्षांची बाई, पण आवाज अजून खणखणीत. समोर सोनईची मावशी आणि गल्लीतल्या तीन-चार बायका. आई सांगत होती, "सून म्हनून न्हाई, लेकीवानी केलं मी तिचं. पित्त उठलं की रातदिस बगितला न्हाई. काळी घोंगडी घ्यायचे नि ह्या हातानं रगडायचे. आमसुलाचं पानी लावायचे. तिच्या आईनं केलं नसंल इतकं केलं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी आत जाऊन कपडे बदलले.

तुझं शेवटचं मागणं याच घोंगडीविषयी होतं. तिथवर यायला मला थोडं मागून यावं लागेल. तुला ठाऊक असलेल्या गोष्टी तुलाच सांगतोय म्हणून चिडू नकोस. मला त्या एकदा नीट ओळीत लावायच्या आहेत.

आपली लेक मेघा झाली, त्यानंतर तुझ्या पोटावर आणि मांड्यांवर चहाच्या रंगाचे ठिपके आले. आधी मसुराएवढे, मग पसरत गेले. तू म्हणालीस, वांग असेल. आई म्हणाली, पित्त हाय, खर्ड्याच्या कोरड्या मुलखातली उष्णता हाय ती, हिकडच्या पाटाच्या पाण्याला सोसत न्हाई. मग ठिपके पाठीवर आले, तेव्हा आईनं तुझं नाव ठेवलं, 'बिबट्या'. "ए बिबट्या, चूल पेटीव." लोकांसमोरसुद्धा. उसात खरे बिबटे निघायला लागल्यावर तर तिला फारच जोर आला. तू तिला कधीच उत्तर दिलं नाहीस. माझ्याकडे वळून म्हणायचीस, "बरंय की. बिबट्याला ह्या राहाता तालुक्यात कुणी हात लावत न्हाई."

पण हात लागायचा. ठिपक्यांना खाज सुटायची, गरम पाण्याची अंघोळ झाली की अंग लाल व्हायचं, आणि आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की जे करतात तेच आई करायची. दार लावून घ्यायची, तुला पालथी झोपवायची आणि घोंगडीनं पाठ रगडायची. त्या खरखरीत लोकरीचा आवाज बाहेरच्या खोलीत यायचा. मी पेपर तपासत असायचो. बाहेर यायचीस तेव्हा तुझा चेहरा तापलेला, डोळे जड, आणि पाठीवरचा एकेक ठिपका गांधी उठावी तसा टरारून वर आलेला. "निघाली बग उष्णता," आई म्हणायची.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आणि इथे लिहिल्यावर मेघा वाचेल तर वाचू दे. त्या सुरुवातीच्या दिवसांत मी तुझ्या पाठीवर नखानं 'शै' लिहिलं होतं. थोड्या वेळानं ते अक्षर कातडीवर उठून आलं, दोन्ही मात्रांसकट. तू मागे आरसा धरून बघितलंस आणि म्हणालीस, "तुमच्या पोरांच्या वह्यांपेक्षा अक्षर बरंय." मी जीवशास्त्र शिकवणारा माणूस. मला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती, पण त्या दुपारी आपण दोघं फार हसलो होतो. ते हसू परत द्यायला मी तयार नाही.

मग आपल्या पेरूच्या बागेतला तो दिवस. हस्त बहाराच्या फळांनी लगडलेल्या फांदीआड गांधीलमाश्यांचं पोळं होतं. एकच माशी तुझ्या मनगटाला चावली. बागेत काम करणाऱ्या बायकांना रोज चावतात, त्या चुना लावून पुढे जातात. तू दोन पावलं चाललीस आणि खाली बसलीस. मी पोचलो तेव्हा ओठ पांढरे पडले होते, नाडी लागत नव्हती. टेम्पोत पेरूच्या क्रेट होत्या, त्या तिथंच बांधावर उलथून तुला घातलं. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर तू डोळे उघडलेस आणि पहिला प्रश्न विचारलास, "क्रेट कुणी उचलल्या का?"

नगरला ज्या डॉक्टरांकडे पुढं गेलो ते तरुण होते. त्यांनी तुझे ठिपके बघितले, पेनाच्या मागच्या टोकानं एक ठिपका हलकेच घासला आणि घड्याळाकडे न बघता नुसते थांबून राहिले. ठिपका फुगला, भोवती लाल कडं आलं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सर, तुम्ही अकरावीला संयोजी ऊती शिकवता ना? त्या आकृतीत मास्ट पेशी असते."

असते. फळ्यावर दरवर्षी मी ती काढायचो. गोल, आत गच्च कण भरलेले, बाजूला बाण आणि नाव. एक गुण. पोरं हमखास विसरायची. नोकरीभर काढलेली ती आकृती रोज माझ्या ताटात भाकरी वाढत होती.

परत येताना बसमध्ये तू म्हणालीस, "आता मराठीत सांगा." मग मी तुला बागेच्या भाषेत सांगितलं. या पेशी म्हणजे राखणदार. कातडीखाली, नाकात, आतड्यात, जिथं जिथं शरीराचं कुंपण आहे तिथं बसतात. प्रत्येकाच्या खांद्याला फटाक्यांची पिशवी. चोर आला की पिशवी फोडायची. त्या दणक्यानं रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी पाझरतं, सूज येते, खाज येते, आणि मदतीच्या पेशी धावून येतात. दाह म्हणतात तो हाच, आणि तो हवा असतो. कुणाला ॲलर्जी असते म्हणजे त्याचा राखणदार चिमणी बघूनसुद्धा अख्खी पिशवी पेटवतो. तुझ्यात ते राखणदारच बेसुमार झालेत. धक्का लागला, ऊन लागलं, माशी चावली की सगळ्या पिशव्या एकदम फुटतात.

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "एवढे राखणदार नेमले कुणी?"

"कुणी नाही. हाडाच्या मज्जेत एका पेशीच्या जनुकात एक अक्षर बदलतं. बी चुकतं. तिथून पुढं सगळे तसेच उगवतात."

"आपोआप?"

"आपोआप."

"मला न्हाई पटत," तू म्हणालीस. हा आपल्यातला भांडणाचा मुद्दा त्या दिवशी बसमध्ये सुरू झाला आणि मिटला नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. अंगदुखीची नेहमीची गोळी मनानं घ्यायची नाही, आणि कातडी रगडायची नाही, कधीही नाही. एकदम जास्त पिशव्या फुटल्या तर माशी चावल्यासारखंच होईल. घरी आल्यावर तू आईला सांगितलंस की डॉक्टरांनी मलम दिलंय. घोंगडी माळ्यावर टाकली असं मला सांगितलंस. आईनं काही विचारलं नाही. मला वाटलं, एक गोष्ट तरी सुखानं संपली.

काचपट्टीची गोष्टही लिहायलाच हवी. तुझ्या कातडीचा तुकडा तपासला होता. मी ओळखीनं प्रयोगशाळेत जाऊन ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. निळा रंग दिला की त्या पेशींचे कण जांभळे दिसतात. पुस्तकात एखाद-दुसरी असते. इथं जांभळाच्या झाडाखाली सडा पडावा तशा. मी घरी येऊन तुला सांगितलं, "काय सुंदर दिसतात गं." तू पेरू प्रतवारीनं लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लग्नाला इतकी वर्षं झाली. मला एकदाबी म्हणला न्हाईत."

पुढची वर्षं तू गोळ्यांवर काढलीस, आणि बरी काढलीस. बाग तुझीच होती. कुठली फांदी कधी छाटायची हे मला आजही येत नाही. संध्याकाळी मी पुस्तक मोठ्यानं वाचायचो आणि तू क्रेट भरायचीस, आणि लेखक लांबण लावायला लागला की म्हणायचीस, "ह्याला छाटणीची गरज हाय." मी वाचक झालो तो तुझ्यामुळे. एकट्यानं वाचणारा माणूस पानं उलटतो, एवढंच.

मग हाडं दुखायला लागली. पोट बिघडायचं ते थांबेना. यकृत सुजलं, प्लीहा वाढली, पोटात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, आता हा फक्त कातडीचा आजार राहिला नाही, पेशी मज्जेत आणि यकृतात घुसल्यात, आता याला कर्करोगच म्हणायचं. तू मला विचारलंस, दुसऱ्यांच्या कर्करोगात हे राखणदार काय करतात? मी म्हणालो, कधी गाठीशी लढतात, तर कधी तिच्याच बाजूनं होतात, तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्यांची वाट करून देतात. चोराच्या शेताला पाट काढून द्यावा तसं.

"म्हणजे माणसासारखंच," तू म्हणालीस. "नि माझ्यात तर तेच चोर."

आणि मग तू आईचं नाव घेतलंस.

आधी मी ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. पण नगरच्या दवाखान्यात, कळ थोडी कमी असली की तू तेवढंच बोलायचीस. आत्याबाईंनी रगडलं. वर्षानुवर्षं रगडलं. त्यांच्या हातानं हे वाढलं. मी तुला परत परत सांगितलं की रगडल्यानं पिशव्या फुटतात, त्रास होतो, पण पेशी वाढत नाहीत. वाढल्या त्या बी चुकलं म्हणून. यात कुणाचा दोष नाही. तू चादरीवरचा हात उचलून मला गप्प केलंस.

"तुमच्या शास्त्रात दोष द्यायला कुणीच न्हाई का?"

"नाही."

"मग ते शास्त्र माझ्या काय कामाचं?"

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी, नर्स पोटाचं पाणी काढून गेल्यावर, तू अगदी शुद्धीत म्हणालीस, "मी गेल्यावर आत्याबाईंना सांगा. त्यांच्या हातानं मेली म्हणावं."

"ते खरं नाही, शैला."

"खरं न्हाई तर न्हाई. त्यांना लागलं पायजे."

"बघू."

"तुमी बघू म्हणता म्हणजे न्हाई." आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर आपण औषधाच्या वेळा आणि मेघाची गाडी कधी पोचते एवढंच बोललो.

तर तुझा निरोप मी दहा दिवस सांभाळला. पोर्चमधल्या प्रत्येक बैठकीत आई तिच्या सेवेची गोष्ट सांगायची, दर वेळी घोंगडी थोडी जास्त काळी आणि हात थोडे जास्त थकलेले. मला तुझा चेहरा दिसायचा. खोटं बोलायचं नाही हे माझं ठरलं होतं. पण अर्धं खरंही तिच्या जिव्हारी लागेल, हे मला कळत होतं. ऐंशी वर्षांच्या बाईला, उरलेल्या दिवसांत, एवढं एक वाक्य ऐकवायचं की नाही? तुझं देणं फेडायचं की तिला तिच्या गोष्टीसकट मरू द्यायचं? शिक्षक म्हणून, मुलगा म्हणून, नवरा म्हणून मी तीन वेगळी उत्तरं काढली आणि तिन्ही खोडली.

काल सकाळी पाहुणे पांगले होते. मेघा आत फोनवर बोलत होती. आई पोर्चमध्ये पाय पसरून तेराव्यासाठी तांदूळ निवडत होती. मी समोर खुर्ची ओढून बसलो आणि बोललो. म्हणालो, "आई, शैलाला रगडल्यानं त्रास वाढत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या घोंगडीनं तिला अपाय व्हायचा."

आईनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"म्हाईत हाय मला."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"अरं, ऐकू येतंय. डोळे बी हायेत मला. रगडलं की टरारून फुगायचं. पयल्या दिसापासून दिसत हुतं."

"मग का रगडत होतीस?"

"तीच म्हनायची."

"काय म्हणायची?"

"आत्याबाई, अजून जोरात." आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "दार लावायची. घोंगडी आनून हातात द्यायची. माझे हात भरून यायचे, तरी म्हनायची, थांबू नका."

"डॉक्टरांनी मनाई केल्यावर नाही. तेव्हा तिनं घोंगडी माळ्यावर टाकली."

"तू कालिजात ग्येला की काढायची. ह्या उन्हाळ्यापत्तोर."

"खोटं बोलतेस तू."

आई चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं झालं असतं. ती म्हणाली, "आसंल. तिलाच इचार."

आणि पुन्हा सूप उचललं. तांदळातच बघत तिनं विचारलं, "तुला काय सांगून गेली ती? माझ्या हातानं मेली म्हनून?"

मी म्हणालो, "तसं काही नाही."

"म्हनली आसंल," आई म्हणाली. "म्या न्हाई लावला हात तर सासू शिवत न्हाई. लावला तर सासूनं मारलं. मी तिच्या जागी आस्ते तरी हेच म्हनले आस्ते."

म्हणून विचारतोय, शैला. म्हणायचीस का तू तिला, अजून जोरात?

शास्त्र मला सांगतं की म्हणत असशील. त्या पिशव्यांतलं रसायन नसेच्या टोकाला पोचलं की खाज अशी उठते की माणूस नेमकं तेच मागतो ज्यानं उरलेल्या पिशव्या फुटतील. त्या क्षणापुरतं सुख असतं, खरंखुरं. हे मी पुस्तकात वाचलंय. पण तू तर सगळं जाणून होतीस; बसमध्ये मीच तुला सांगितलं होतं. तरी दार लावून तिच्याच हातात घोंगडी द्यायचीस? खाजेपायी? की आयुष्यभर तुला बिबट्या म्हणणारी बाई तेवढ्या वेळापुरती तुझी व्हायची म्हणून? की मनात कुठेतरी तेव्हापासूनच तिच्यावर हा आळ रचत होतीस, आणि त्यासाठी स्वतःची पाठ पुढं करत होतीस? तुझ्या बाबतीत मला यातलं काहीही अशक्य वाटत नाही, आणि हेच मला सहन होत नाही.

किंवा आई खोटं बोलतेय. पन्नास वर्षं तिनं या घरात शेवटचा शब्द कुणाला दिलेला नाही. तुला द्यायची शक्यता नाही, तू मेलीस म्हणून तर नाहीच.

तुमच्यातली एक खोटी आहे, आणि मला दोघींचंही पटतंय. दार बंद असायचं. तू मला आरोप दिलास, पुरावा दिला नाहीस. जिवंत असताना तुझ्याशी भांडून मी निदान हरायचो. आता ते सुद्धा नाही. तुझा मला राग आलाय, शैला, आणि मेलेल्या माणसाचा राग कुणाला दाखवायचा असतो हे या आलेल्या-गेलेल्यांपैकी कुणी सांगत नाही.

दुपारी आईनं मेघाला बाजूला करून स्वतः ताट वाढलं. आमटी थोडी सांडली. "बस," म्हणाली, "दहा दिस धड ज्येवला न्हाईस." मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. आता या घरात आम्ही दोघंच आहोत, मेघा पुण्याला गेली की.

मी बसलो. हे तुला सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणापाशी बोलण्यासारखं नाही: मी पोटभर जेवलो. चव लागली. भाकरी संपल्यावर मी आणखी एक मागून घेतली.